वेडा राघू, सुगरण आणि जर्नल कम्प्लीट करणारी माणसं

मराठीत 'जर्नल' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला म्हणजे सायन्सच्या पोरांना सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात रात्रभर जागवणारी जाड वही. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला कोरं पान, कोऱ्या पानावर पेन्सिलीची आकृती, आकृतीच्या उजवीकडे एकाखाली एक दिलेली नावं आणि शेवटी सरांची सही. दुसरा अर्थ संशोधन-पत्रिका. जगातलं कुणीतरी काहीतरी पहिल्यांदा पाहतं आणि ते तिथे छापून येतं.

माझी धाकटी बहीण मनू झूऑलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका आठवड्यात तिने हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला. सोमवारी म्हणाली, "दादा, जर्नल कम्प्लीट करायचंय, लाइट बंद करू नकोस." शुक्रवारी म्हणाली, "दादा, जर्नलमधला एक पेपर पाठवलाय, वाच." पहिल्या जर्नलमध्ये ती मैत्रिणीच्या वहीतून झुरळाची पचनसंस्था उतरवत होती. दुसऱ्या जर्नलमध्ये एक पक्षी माणसाकडे बघत होता.

हा लेख त्या दुसऱ्या जर्नलमधल्या निबंधाबद्दल आहे. मी त्याकडे साहित्य म्हणून पाहणार आहे. माझी पात्रता सांगून टाकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, कांदिवलीच्या चारकोपमध्ये वाढलो आणि अकरावीला बायफोकलचं कॉम्प्युटर सायन्स घेऊन बायोलॉजी सोडली. ती सोडताना वाटलेला आनंद अजून आठवतो. पाठांतरातून सुटका झाली असं वाटलं होतं. मनूने तीन वर्षांपूर्वी बीएस्सीला जायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त विरोध मीच केला होता. "बायोत लॉजिक नसतं," असं मी म्हणालो होतो.

*

निबंध २००२ सालचा आहे. 'अ‍ॅनिमल कॉग्निशन' या पत्रिकेत तो आला. मुख्य लेखक मिलिंद वाटवे, तेव्हा पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात मायक्रोबायोलॉजी शिकवणारे प्राध्यापक. सोबत त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं. विषय आहे आपल्याकडे तारेवर दिसणारा छोटा हिरवा पक्षी, वेडा राघू. याच विषयावर त्याच गटाचा एक छोटा निबंध १९९९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला होता. त्याचं शीर्षक प्रश्नार्थक होतं: वेड्या राघूंना 'थिअरी ऑफ माइंड' असते का?

थिअरी ऑफ माइंड म्हणजे समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय, त्याला काय दिसतंय, काय माहीत आहे, याचा अंदाज असणं. १९७८ मध्ये प्रेमॅक आणि वुडरफ यांनी हा प्रश्न चिंपांझींबद्दल विचारला आणि तेव्हापासून तो वाद चालू आहे. बहुतेक वाद माकडांच्या आणि माणसांच्या पोरांभोवती फिरत होता. पुण्यातल्या एका कॉलेजातल्या गटाने तो उचलला आणि मातीच्या उतारावर नेऊन ठेवला.

वेडा राघू मातीत बीळ खणून घरटं करतो. घरट्यात पिल्लं असताना कुणी धोकादायक प्राणी जवळ असेल, तर आईबाप आत शिरायचं टाळतात. शिरले तर घरट्याची जागा उघड होईल. इथवर कुणीही सांगेल. प्रश्न पुढे आहे. पक्षी नुसत्या जवळच्या प्राण्याला घाबरतो, की त्या प्राण्याला बिळाचं तोंड दिसतंय की नाही याचाही हिशेब करतो?

यासाठी केलेला प्रयोग वाचून मी रात्री एक वाजता अंथरुणात उठून बसलो. धोका म्हणून उभा केला एक माणूस. एकदा तो अशा जागी उभा राहिला, जिथून घरटं दिसतं. एकदा साधारण तेवढ्याच अंतरावर, पण अशा जागी, जिथून घरटं दिसत नाही. माणूस तसाच, अंतर तेवढंच. बदललं एकच: त्या माणसाला काय दिसतं. मग राघू किती वेळा घरट्याकडे येतो, ते मोजलं. घरटं दिसत असताना पक्षी कमी वेळा आले.

एक काच, एक पिंजरा, एक महागडं यंत्र नाही. उतार, माणूस, घड्याळ, वही. आम्ही ऑफिसात ज्याला ब्लॅक बॉक्स टेस्टिंग म्हणतो, तेच हे. आतला कोड दिसत नाही, म्हणून एक इनपुट बदलायचं, बाकी सगळं धरून ठेवायचं आणि आउटपुट बघायचं. बायोत लॉजिक नसतं म्हणणाऱ्याला ही चांगली चपराक होती, आणि ती बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती.

*

आता समीक्षा. आधी भाषेपासून.

या पक्ष्याला मराठीने 'वेडा' का म्हटलं असावं? तो तारेवरून उडतो, हवेत किडा पकडतो आणि फिरून त्याच जागी येऊन बसतो. पुन्हा उडतो, पुन्हा तिथेच. या येरझाऱ्यांमुळे नाव पडलं असं सांगतात. बघणाऱ्याला त्यात वेड दिसलं. खरं तर तो मधमाशी पकडून आणतो, फांदीवर आपटतो आणि मग गिळतो. म्हणजे वेड्याचा स्वयंपाक चालू असतो. आणि त्याच वेड्याबद्दल पुण्यातला एक गट विचारतो, की याला दुसऱ्याच्या नजरेचा अंदाज आहे का. नाव आणि निबंध शेजारी ठेवले की मराठीत एक सुंदर विनोद तयार होतो. पण निबंध इंग्रजीत आहे, त्यामुळे तो विनोद निबंधात नाही.

निबंधाची मला आवडलेली गोष्ट त्याचा संयम. पक्षी 'विचार करतो' असं तो ठोकून देत नाही. इथे एक शंका घेता येते आणि ती मी घेतोच. 'घरटं आणि माणूस यांच्यामध्ये आडोसा असेल तर आत जा' असा साधा नियम पक्ष्यात असेल, तरी असाच निकाल येईल. त्यासाठी समोरच्याच्या मनात शिरायची गरज नाही. नियम पाळणं आणि समजणं यांतला फरक बाहेरून कसा ओळखायचा? हा प्रश्न आज मला चॅटबॉटबद्दल रोज विचारला जातो. राघूंबद्दल तो पंचवीसेक वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्यांत कॉलेजची पोरं होती.

न आवडलेली गोष्टही आहे. अशा निबंधांचा रिवाज असा की त्यात माणसं नसतात. 'निरीक्षक' असतो. तो उन्हात उभा राहिला, त्याची बस चुकली, आईने विचारलं की मातीकडे बघत दिवसभर काय करतोस, यातलं काहीच तिथे यायचं नसतं. विज्ञानासाठी ते बरोबरच आहे, निरीक्षकाच्या जागी तुम्ही उभे राहिलात तरी निकाल तोच यायला हवा. पण वाचक म्हणून माझं एक नुकसान होतं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा कळतं की हे उत्तर सरांनाही माहीत नाही, पुस्तकातही नाही, तेव्हा त्याचं काय होतं? निबंध ते सांगू शकत नाही. मग ते सांगायचं कुणी?

*

मराठीत हे काम चरित्रांनी करायला हवं होतं. आपल्याकडे शास्त्रज्ञांची चरित्रं भरपूर आहेत आणि शाळेच्या बक्षीस समारंभात ती अजून वाटली जातात. मला तिसरीपासून आठवीपर्यंत तशी चार मिळाली. त्यांचा साचा ठरलेला: गरिबी, कंदील, पहिला नंबर, परदेश, सन्मान. संशोधन त्यात एका वाक्यात येतं, 'अमुक विषयावर महत्त्वपूर्ण संशोधन केले'. म्हणजे चरित्रात माणूस असतो आणि संशोधन नसतं, निबंधात संशोधन असतं आणि माणूस नसतो. पदवीचा विद्यार्थी तर दोन्हीकडे नसतो. चरित्रात तो मधला एक परिच्छेद असतो, निबंधात शेवटच्या आभारांतलं एक नाव.

या साच्याबाहेरचं एक पुस्तक माझ्या हाती लागलं, सलीम अलींचं आत्मचरित्र 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. ते १९८५ मध्ये आलं. मुंबईच्या या पक्षिशास्त्रज्ञाचं शिक्षण सरळ रेषेत झालेलं नाही. मॅट्रिक कसंबसं झालं, मग धंद्यासाठी ब्रह्मदेश, परत येऊन दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब. सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी त्यांची पक्ष्यांची ओढ ओळखली आणि प्राणिशास्त्र शिकायला लावलं. सकाळी हिशेब, मग प्राणिशास्त्र, असा तो दिनक्रम होता. युनिव्हर्सिटीची पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि पदवी नाही म्हणून त्यांची एक सरकारी नोकरी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या संग्रहालयात गाइड लेक्चरर झाले, १९२८ मध्ये बर्लिनला स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले आणि १९३० मध्ये परतले, तर ती नोकरीच उरली नव्हती.

मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरणींची वसाहत होती. नोकरी नसलेल्या त्या काळात त्यांनी पाहिलं, की घरटं नर विणतो. अर्धवट विणून झालं की माद्या पाहायला येतात. एखादीने पसंत केलं की जोडी जमते आणि नर घरटं पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी.

मराठी माणसाला इथे ठेच लागते. आपल्या भाषेत ती 'सुगरण' आहे, स्त्रीलिंगी. बहिणाबाईंच्या खोप्याच्या कवितेत घर विणणारी ती आई आहे, पिल्लांसाठी झाडाला टांगलेला झोका आहे. ती कविता मला पाठ आहे आणि ती मला अजूनही खोटी वाटत नाही. बहिणाबाईंनी विणकाम पाहिलं होतं, चोचीची कारागिरी पाहिली होती. विणणारा नर की मादी, हा प्रश्न त्यांना पडायचं कारण नव्हतं. त्यांना आईच्या कष्टांबद्दल बोलायचं होतं. सलीम अलींना तो प्रश्न पडला, म्हणून ते दिवसचे दिवस एका झाडाखाली राहिले. पाहणं दोघांचंही खरं. फरक एवढाच, की दुसऱ्या पाहण्यात आपण आधी ठरवलेलं चुकीचं निघण्याची सोय ठेवलेली असते. माझ्या मते विज्ञान शिकणं म्हणजे एवढंच, आणि पहिल्या प्रकारच्या जर्नलमध्ये नेमकी तीच सोय नसते. तिथे आकृती चुकली तर खोडायची, कारण बरोबर आकृती आधीच ठरलेली आहे.

सलीम अलींचं पुस्तक गोड आहे, मिश्कील आहे, पण त्यावरही माझा एक आक्षेप आहे. नोकरी गेल्यावर किहीमला जाऊन पक्षी बघत राहणं, हे तिथे गंमतीच्या सुरात येतं. ते जमण्यामागे नातेवाइकांचं मोठं वर्तुळ होतं, राहायला घर होतं. चारकोपच्या म्हाडाच्या खोलीत वाढलेल्या मुलीने हे पुस्तक वाचून 'मीही असंच करीन' म्हटलं, तर तिला कुणीतरी सांगायला हवं की किहीमचं घर आपल्याकडे नाही. आमच्याकडे ते सांगायचं काम मी करायचो.

म्हणूनच गरवारेचा निबंध मला जास्त जवळचा वाटतो. त्यात कुणाकडे किहीम नाही. साधं कॉलेज आहे, शहराच्या कडेचा मातीचा उतार आहे आणि प्रश्न विचारू देणारा एक शिक्षक आहे.

*

मनूला तो निबंध सापडला त्याला कारण होतं. तिच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. तिने विचारलं, कावळ्यांवर काही करू का? उत्तर मिळालं, की सीनियर्सचा पाण्याच्या नमुन्यांचा प्रोजेक्ट आहे, तो घे, आकडे तेवढे बदल. हे एका कॉलेजचं वैशिष्ट्य नाही. तयार प्रोजेक्ट बांधून देणारी झेरॉक्सची दुकानं मी माझ्या इंजिनिअरिंगच्या वेळेपासून बघतोय, आणि मी स्वतः तिथे गेलेलो आहे.

ती घरी आली, रडली नाही, गच्चीवर गेली. रविवारी सकाळी मला उठवून म्हणाली, "तू धोका हो."

प्रयोग असा: गच्चीच्या कठड्यावर चपातीचा तुकडा. मी बारा पावलांवर स्टुलावर. नाणं उडवून ठरवायचं, की कठड्याकडे तोंड करून बसायचं की पाठ करून. कावळा तुकडा उचलेपर्यंतचा वेळ मोजायचा, जास्तीत जास्त दहा मिनिटं. मोजणारी मनू पाण्याच्या टाकीमागे, फटीतून बघत.

पहिल्या दोन रविवारी मी पाठ केली की कावळे लवकर यायचे, तोंड केलं की थांबायचे. मी खूश झालो, मनातल्या मनात निबंधाचं शीर्षक ठरवलं. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा सगळ्यांनी पाठ फिरवून बघावं, अशी एक ओळही सुचली. तिसऱ्या रविवारपासून फरक मिटला. पाचव्या रविवारी मी रोखून बघत असताना एक कावळा शांतपणे आला, तुकडा उचलला आणि कठड्यावरच खाल्ला.

"बिघडलं," मी म्हणालो.

"बिघडलं नाही," मनू म्हणाली. "त्यांना तू कळलास. तू काही करत नाहीस."

मग तिने वहीत एकेक चूक लिहायला घेतली. कावळे तेच की वेगळे, ओळखता येत नाही. रोज एकच माणूस, म्हणजे ते माणूस शिकले की नजर, सांगता येत नाही. टाकीमागची मनू त्यांना दिसत नव्हती हे आपण धरून चाललो, त्यांना विचारलं नाही. छत्तीस वेळा केलेल्या प्रयोगातून उत्तर आलं नाही, सात नवे प्रश्न आले. सेक्रेटरीकाकांची तक्रारही आली, की गच्चीवर पक्ष्यांना खायला घालू नये. ती तिने आठवी म्हणून लिहिली: 'जागा बदलावी लागेल.'

मी आठ वर्षं कोड लिहितोय. चुकांची एवढी प्रामाणिक यादी आमच्या ऑफिसात रिलीजनंतरच्या मीटिंगमध्येही मी पाहिलेली नाही.

कॉलेजात तिने पाण्याचाच प्रोजेक्ट दिला. सही मिळाली, मार्क चांगले मिळाले. कावळ्यांची वही घरी आहे.

*

आता प्रश्न पुढचा आहे आणि तो समीक्षेने सुटणारा नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणली. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन करता येतं, पदवीवर तसं लिहून मिळतं. मनूला तेवढे टक्के आहेत. बाबा विचारतात, त्या एका वर्षाने काय होईल? तीन वर्षांच्या डिग्रीवर एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी ओळखीने मिळतेय. बाबांचा प्रश्न चुकीचा नाही. ज्या कॉलेजात आकडे बदलून प्रोजेक्ट होतो, तिथे चौथं वर्ष म्हणजे जास्त जाड जर्नल, एवढंच होऊ शकतं. कागदावर 'संशोधन' लिहिल्याने उतारावर उभं राहू देणारा शिक्षक तयार होत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे पदवीच्या मुलांना खऱ्या प्रश्नांवर काम करू देणारे उपक्रम चालत आलेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा आहे, त्यात पदवीची मुलंही संशोधन मांडतात. दारं आहेत, फक्त ती कांदिवलीच्या प्लॅटफॉर्मवर लिहिलेली नसतात. शोधावी लागतात. आणि घरच्यांनी काही महिने 'पुढे काय' विचारायचं थांबवावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी मी बोललेलं वाक्य मनूला अजून पाठ आहे. माफी मागायचा प्रयत्न केला तर म्हणाली, "माफी नको. चौथ्या वर्षाची फी अर्धी तू भर आणि बाबांशी तूच बोल." फीचं मी कबूल केलंय. बाबांशी अजून बोललेलो नाही. हा लेख त्यांना पाठवणार आहे. मोबाइलवर एवढं लांब ते वाचत नाहीत, पण पक्ष्यांचा भाग वाचतील.

गेल्या रविवारी आम्ही चारकोपच्या खाडीच्या बाजूला गेलो होतो, नवी जागा शोधायला. खारफुटीच्या अलीकडे मोकळी जमीन आहे, वर विजेच्या तारा. तारेवर दोन वेडे राघू होते. एक उडाला, काहीतरी पकडून परत त्याच जागी आला, तारेवर आपटू लागला. मी बघत राहिलो.

"दादा, असं रोखून बघू नकोस," मनू हळूच म्हणाली. "आधी तिकडे तोंड कर. मी मोजते."